सरळ दहा मीटर

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाला सगळ्यांची संमती देऊन झाली होती, फक्त माझी राहिली होती, आणि एकही सही कमी असताना बिल्डर कामाला हात लावायला तयार नव्हता. असली गोष्ट वसईच्या माणिकपूरमध्ये झाकून राहत नाही. वाणी, इस्त्रीवाला, नाक्यावरचे रिक्षावाले, सगळ्यांना ठाऊक होतं की तिसऱ्या मजल्यावरचे काका अडून बसलेत. का अडून बसलेत, याबद्दलही सगळ्यांची खात्री होती. काकांना बिल्डरकडून जास्तीचं काहीतरी उकळायचंय. कोणी म्हणे दुसरं पार्किंग हवंय, कोणी म्हणे लेकीच्या नावाने आणखी एक खोली. पार्किंग घेऊन मी काय करू? माझ्याकडे एक सायकल आहे, आणि तिच्या चाकात गेली कित्येक वर्षं हवा नाही.

मला हवं होतं ते एवढंच, की नव्या घरात कुठूनही कुठेही, पण सरळ दहा मीटर मिळावेत. मधे भिंत नको, खांब नको, वळण नको. मला एअर रायफलचा नाद आहे. शाळेत असल्यापासून आहे. दहा मीटरवर कागद लावायचा, त्यावर छापलेल्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध छर्रा घालायचा, आणि तो तिथे का गेला नाही याचा विचार करत पुढचा भरायचा. बस्स. एवढ्यात माझं आयुष्य गेलं आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. वैताग येतो तो हे दुसऱ्याला समजावून सांगताना.

कारण बंदूक म्हटलं की लोकांचे दोनच चेहरे होतात. एक घाबरलेला, दुसरा हपापलेला. घाबरलेले विचारतात, लायसन्स आहे का? या बंदुकीला परवाना लागत नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता झोपेतही सांगेन. हपापलेले विचारतात, काय काय मारलंत आजवर? कागद, म्हणतो मी. ते हसतात. त्यांना वाटतं मी विनय दाखवतोय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी तर वर्षानुवर्षं माझ्या मागे लागल्या आहेत.

"भाऊजी, तेवढी कबुतरं बघा ना. सगळी गॅलरी घाण करून ठेवलीय."

"वहिनी, मी पाखरं मारत नाही."

"मग बंदूक कशाला ठेवलीय?"

त्यांच्याकडे पेटी आहे, छान वाजवतात. ती वाजवून त्या उंदीर पळवतात का, असं विचारावंसं वाटतं. विचारत नाही, कारण दिवाळीला त्यांच्याकडून चकल्या येतात.

हा नाद लागला राजोडीच्या वाटेवरच्या एका वाडीत. वडिलांच्या ऑफिसातले एक गृहस्थ तिथले, जुन्या ख्रिस्ती घरातले. त्यांना मी अंकल म्हणायचो. आम्ही वसईला नवे, कोकणातून मुंबईत आणि मुंबईत जागा परवडेना म्हणून इथे आलेले. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून घरी परतले की अंकल आम्हाला वाडीवर बोलवायचे. केळी, चिकू, मागच्या बाजूला बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं, आणि त्याच्या काठाने सरळ गेलेली पायवाट. चिकूवर वटवाघळं यायची, त्यांना हाकलायला म्हणून अंकलनी ही बंदूक घेतलेली. प्रत्यक्षात अंकल पत्र्याच्या डब्यावर नेम धरत बसायचे आणि वटवाघळं चिकू खायची. त्यावरून आंटी त्यांना येता-जाता बोलायच्या, आणि अंकल आणखी एक डबा मांडायचे.

पहिल्या दिवशी मी बंदूक जीव खाऊन गच्च धरली. छर्रा कुठे गेला ते कळलंच नाही. अंकल म्हणाले, "अरे पोरा, मिठी नको मारू तिला. ती काय पळून जात नाय. हातावर नुसती टेकव, आणि हलू दे तिला हलायचं तसं." मला ते उलटंच वाटलं. पण त्यात खरं शास्त्र होतं. या बंदुकीत आत दणकट स्प्रिंग असते. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर दुमडून, खाली ओढली की स्प्रिंग ताणून बसते, आणि चाप ओढला की सुटते. छर्रा नळीच्या बाहेर पडायच्या आधीच बंदूक आगेमागे हिसडते. गच्च धरली तर दर वेळी वेगळी हिसडते. सैल धरली तर दर वेळी सारखीच, आणि मग छर्राही सारख्याच जागी बसतो. हे अंगात भिनायला मला अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली, कारण मी मुळात गच्च धरणाऱ्यातला. बायको म्हणते, तुम्ही जन्मात ही एकच गोष्ट सैल धरायला शिकलात, तीही रविवारपुरती.

पुढे अंकलची नजर अधू झाली. वाडीची वाटणी झाली. बावखल भरून टाकलं, आणि तिथे आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी निळ्या रंगाच्या खोल्या उभ्या आहेत. बंदूक त्यांनी माझ्याकडे दिली. अजून तीच आहे. तिची स्प्रिंग बदलली, आतलं चामड्याचं वॉशर बदलत आलो, दस्ता पॉलिश करत आलो. वसईची खारी हवा लोखंडाला सुखाने जगू देत नाही, म्हणून दर रविवारी नळी पुसतो. वॉशर वाळू नये म्हणून अंकल त्याला खोबरेल पाजायचे, तर मीही खोबरेलच पाजतो. थंडी पडली की खोबरेल थिजतं आणि छर्रे खाली बसायला लागतात. मग बंदूक पापडांच्या शेजारी उन्हात ठेवावी लागते. दुसरं तेल घाला, असं मला जो तो सांगतो. मी घालत नाही.

लग्न ठरल्यावर माणिकपूरचा हा फ्लॅट बघायला आम्ही दोघं आलो, तेव्हा लोक जे बघतात ते मी काहीच बघितलं नाही. पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती लांब, जिना अंधारा आहे का, हे सगळं तिने विचारलं. मी गॅलरीच्या ग्रिलला टेप अडकवली आणि हॉलमधून, पॅसेजमधून, मागच्या बेडरूमच्या भिंतीपर्यंत ओढत नेली. दहा मीटर भरले, वर थोडे उरले. सगळे एका रेषेत. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे घर पसंत आहे म्हणून सांगून टाकलं. ती कौतुकाने बघत होती. तिला वाटलं होतं, नवरा पडद्यांचं माप घेतोय.

तेव्हापासून रविवारची सकाळ माझी. बेडरूमच्या खिडकीखाली स्टुलावर पेटी ठेवायची. पेटी म्हणजे जाड फळ्यांचं खोकं, आत चिंध्या आणि जुन्या टायरचे तुकडे, मागे लोखंडाचा जाड पत्रा. तिच्या तोंडावर कागद लावायचा. मी गॅलरीत, ग्रिलला पाठ टेकून. माझ्या आणि कागदाच्या मध्ये आमचा सगळा संसार. हॉलच्या बाजूच्या भिंतीत मुख्य दार, पॅसेजमध्ये एकीकडे स्वयंपाकघराचं दार आणि दुसरीकडे बाथरूमचं. म्हणून पहिल्याच आठवड्यात नियम ठरला. स्वयंपाकघरातून निघायच्या आधी तिने दाराच्या आत थांबून विचारायचं, "जाऊ?" मी बंदूक खाली करायची आणि म्हणायचं, "जा." त्याआधी पाऊल बाहेर टाकायचं नाही. बाहेरून येणाऱ्याने कडी दोनदा वाजवायची, आतून "ये" ऐकू आल्यावरच किल्ली फिरवायची. जिन्यात कोणी आपल्याकडेच येतंय असं कळलं, तर तो माणूस घरात येऊन बसेपर्यंत छर्रा सोडायचा नाही. लेक लहान होती तेव्हा काही वर्षं बंदूक माळ्यावर होती. ती खाली आली तेव्हा लेकही दारात उभी राहून "बाबा, जाऊ?" म्हणायला लागली. जावयाला आमच्या घरचं हेच पहिलं शिक्षण मिळालं. पाहुणे हसायचे, मी हसत नसे. या एका बाबतीत माझ्याशी थट्टा चालत नाही.

आता हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात तो नियम म्हणजे डोक्याला ताप. श्वास अर्धा सोडलेला, बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा तो उंचवटा, काळ्या वर्तुळाच्या खाली अगदी बरोबर येऊन टेकलेली, बोट चापावर, आता सुटणार, आणि तेवढ्यात आतून आवाज यायचा, "जाऊ?"

"आत्ताच बरं सुचलं तुला!"

"कपडे वाळत घालायचेत. तुमचा कागद काय पळून चाललाय?"

बंदूक खाली. "जा." ती बादली घेऊन येणार, गॅलरीत माझ्याच शेजारी टॉवेल झटकणार, त्याचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर, आणि काम झालं की हातभर अंतरावर उभी राहून पुन्हा विचारणार, "जाऊ?" असे किती रविवार गेले कोण जाणे. मी दर वेळी चिडलो, आणि तिने दर वेळी विचारलं.

सोसायटीत माझी अब्रू गेली ती राजोडीच्या किनाऱ्यावर. सोसायटीची सहल होती. फुगे फोडायचा स्टॉल दिसला आणि सगळ्यांना एकदम चेव आला. काका, दाखवा तुमची कमाल! मी नको नको म्हणत होतो. असल्या स्टॉलवरच्या बंदुकीची माशी वाकडी असते. पाळण्याच्या रांगेतल्या पोरासोरांनी तिला काय काय आपटलेलं असतं, देव जाणे. पण सेक्रेटरीने हाताला धरून पुढे ओढलं. मी रीतसर उभा राहिलो, रीतसर नेम धरला, आणि रीतसर फुगा सोडून मागच्या चादरीला भोक पाडलं. मग दुसरं पाडलं. स्टॉलवाली अर्नाळ्याची. ती म्हणाली, "काका, जरा पानी प्या. हात कापतो तुमचा." त्यानंतर सेक्रेटरीने बंदूक कमरेवर टेकवून, नेमबीम काही न धरता, पटापट फुगे फोडले. वाकड्या माशीकडे बघितलंच नाही तर तिचा त्रास होत नाही, हे साधं आहे. मी ते सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळे "हो, हो" म्हणाले. ते "हो, हो" मला अजून ऐकू येतं.

इमारतीला तडे जायला लागले तेव्हा पुनर्विकास आला. स्लॅबच्या सळया दिसत होत्या, वहिनींच्या बाथरूममध्ये छताचा पोपडा पडला होता, हे सगळं मला दिसत होतं. मी काही आंधळा नाही. बिल्डरने नकाशे वाटले. मी माझ्या फ्लॅटचा नकाशा टेबलावर पसरला आणि पट्टी घेऊन बसलो. हॉल स्वयंपाकघराला चिकटलेला, बेडरूम हॉलला काटकोनात, गॅलरी नावालाच. पॅसेज कुठेच नाही. कुठूनही पट्टी लावली तरी सात मीटरच्या आत भिंत आडवी येत होती. मी सेक्रेटरीला सांगितलं, प्लॅन मला पसंत नाही. का, ते सांगितलं नाही. राजोडीनंतर कोणत्या तोंडाने सांगणार?

तिथेच घोळ झाला. नापसंत म्हणजे जास्त हवं, एवढाच अर्थ या व्यवहारात लोकांना कळतो. बिल्डरने त्याच्या आर्किटेक्टला घरी पाठवलं. तरुण, नम्र पोरगा. "सर, तुमचा कार्पेट एरिया वाढवून देतो."

"कुठे वाढवणार?"

"बेडरूममध्ये."

नवा नकाशा आला. बेडरूम रुंद झाली होती. मी म्हटलं, रुंद नको, लांब हवी. पुढच्या नकाशात हॉल फुगला. माझं घर चहूबाजूंनी वाढत चाललं होतं, आणि मला हवं ते सोडून सगळं मिळत होतं. इमारतीत बातमी पसरली की काकांनी आणखी एवढे चौरस फूट पदरात पाडून घेतले, तरी पोट भरत नाही. वहिनींकडून त्या दिवाळीला चकल्या आल्या नाहीत.

शेवटी मी त्या पोराला खरं काय ते सांगितलं. बंदूक काढून दाखवली, गॅलरीतून बेडरूमपर्यंतची रेषा दाखवली. "पॅसेज हवा मला," म्हटलं.

"पॅसेज म्हणजे वेस्टेज, सर. आता कोणी देत नाही." मग थोडा वेळ रेषेकडे बघत राहिला. तो हसला नाही, एवढ्यासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी राहीन. म्हणाला, बघतो काहीतरी.

काही दिवसांनी तो धापा टाकत वर आला. चेहरा उजळलेला. "सर, बसले दहा मीटर! किचनच्या खिडकीत तुम्ही उभे राहायचं. हॉल क्रॉस. मेन डोअर उघडं ठेवायचं. समोर लॉबी. आणि एक्झॅक्ट, लिफ्टच्या दारापर्यंत!"

"म्हणजे मी लिफ्टच्या दारावर नेम धरायचा?"

"ओह," तो म्हणाला.

"आणि लिफ्ट उघडली की आतून कोण येईल? वहिनी?"

स्वयंपाकघरात बायको पीठ चाळत होती. ती एवढी हसली की चाळणी खाली ठेवावी लागली. मला मात्र हसू आलं नाही. एवढं डोकं चालवून, एवढे नकाशे काढून, अखेर दहा मीटर सापडले ते नेमके लिफ्टच्या दारात जाऊन संपत होते. संताप करायचा तरी कोणावर?

पोराने प्रामाणिकपणे सगळं बिल्डरला सांगितलं, बिल्डरने सेक्रेटरीला, आणि मग त्याने खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सभा बोलावली. सेक्रेटरी वाईट माणूस नाही. तो हात जोडून म्हणाला, "काका, एवढी कुटुंबं खोळंबलीत, आणि कारण एअरगन?" मी उभा राहिलो आणि पहिल्यांदा सगळ्यांसमोर सरळ बोललो. म्हटलं, तुम्हाला जशी मोठी बेडरूम हवी, तशी मला लांब रेषा हवी. मी पार्किंग मागितलं नाही, पैसे मागितले नाहीत, वाढवून दिलेली जागा परत घ्या, पण मला एक पॅसेज द्या. पुढच्या खुर्च्यांवरच्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. मला वाटलं, पटलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "काका, पण राजोडीला तर फुगासुद्धा फुटला नव्हता!"

पार्किंगभर हशा पिकला. हसणं ओसरत आलं तेव्हा वहिनींनी भर घातली, "आणि एवढ्या वर्षांत कबूतर म्हणून एक मारलं नाही." पुन्हा हशा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जिना चढून वर आलो. बायको सभेतच होती. ती हसली नव्हती, पण माझ्या बाजूनेही काही बोलली नव्हती. ती वर आली ती बऱ्याच वेळाने.

"तुला काय वाटतं, ते एकदा सांगून टाक," मी म्हटलं.

"घर दोघांच्या नावावर आहे. माझी सही मी पहिल्याच आठवड्यात केली. तुमची तुम्ही बघा." एवढं बोलून ती भात लावायला गेली. म्हणजे इमारतीत राहिलेली जी एक संमती, ती आमच्या घराची नव्हतीच. नुसती माझी होती. तिने सही केली त्याचा राग नाही आला. तिने मला त्याबद्दल एक अवाक्षर ऐकवलं नाही, याचा आला.

पुढच्या रविवारी ती बाजारात गेली आणि मी पेटी मांडली. सभेचा राग डोक्यात होताच. बंदूक गच्च धरत होतो. छर्रे कागदभर पांगत होते, एक वर, एक डावीकडे, शाळकरी पोराचे जावेत तसे. जितके पांगत होते तितका मी जास्त गच्च धरत होतो. नळी मोडली, छर्रा भरला, बंदूक उचलली, आणि खालून तिचा आवाज आला. वॉचमनशी बोलत होती. मग जिन्यात चप्पल वाजली. म्हणजे थांबणं आलं.

ताणलेली बंदूक फार वेळ तशी ठेवू नये, स्प्रिंग कायमची ढिली पडते. माझी बंदूक एवढी जुनी की ताणलेली स्प्रिंग हाताने अलगद मागे सोडायचाही भरवसा नाही. म्हणून अशा वेळी मी नळी पेटीच्या दिशेने ठेवून, दस्ता कमरेला टेकवून उभा राहायचो आणि कडी वाजायची वाट बघायचो. पूर्वी तिची चप्पल जिन्यात वाजली की बंदूक खाली करेपर्यंत कडी वाजायची. त्या दिवशी आधी पिशवी वाजली. मग पाऊल. मग पुन्हा पिशवी वरच्या पायरीवर, मग पाऊल. मधे काहीच नाही. मी मनात म्हणत होतो, चल लवकर, स्प्रिंग जातेय. पुन्हा पिशवी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वहिनींनी एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती, ती सरकल्याचा आवाज आला. आमच्या दारातून जिन्यातलं सगळं ऐकू यायचं.

"अहो, बसा ना जरा," वहिनी म्हणत होत्या. "गुडघे बघा कसे सुजलेत. घाई कसली एवढी?"

"नको, नको. हे वर बंदूक ताणून उभे असतील. जास्त वेळ ताणलेली राहिली की खराब होते ती."

खुर्ची पुन्हा सरकली. पिशवी. पाऊल. पिशवी. पाऊल.

कडी दोनदा वाजली. "ये," मी म्हटलं, पण फार हळू, म्हणून ती बाहेरच थांबली. पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. ती आत आली, पिशवी ठेवली, दिवाणावर बसली आणि पाय लांब केले. "सोडा आता," ती म्हणाली, "मी बसलेय." मी चाप ओढला. छर्रा कुठे बसला ते बघायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीच्या घरी जाऊन सही करून आलो. त्याने पेढा दिला. मी तो खाल्ला नाही, खिशात घालून घरी आणला आणि तिला दिला.

आता आम्ही नायगावच्या बाजूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. माणिकपूरची इमारत पाडून झाली. इथे लिफ्ट आहे. बायको दिवसातून उगाच दोनदा खाली जाऊन येते. कोथिंबीर आणायला एकदा, आणि कोथिंबीर आणली म्हणून मिरच्या आणायला पुन्हा. तिचं बरं चाललंय. माझं सांगायचं तर इथली सगळ्यात लांब रेषा खिडकीपासून फ्रिजपर्यंत, सहा मीटरची. सामान वर येत होतं तेव्हाच मी टेप लावून बघितलं. बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभी आहे.

लेक म्हणते, बाबा, रेंज जॉईन करा. तेही करून बघितलं. विरारला एका जिमच्या वरच्या मजल्यावर रेंज आहे. तिथली कोच माझ्या लेकीहून लहान. तिने आधी विचारलं, "अंकल, नातवासाठी का?" मग माझी बंदूक बघून म्हणाली, "ही इथे नाही चालणार. खूप दणका देते, बाजूच्यांचं लक्ष जातं. आणि हॉबीची बॅच नाहीये आमच्याकडे, सगळे कॉम्पिटिशनवाले आहेत." जावई म्हणतो, वर्तुळ त्या प्रमाणात लहान छापून सहा मीटरवर मारा, हिशेब तोच. हिशेब तोच असेल. पण सहा मीटरवर माझ्या चुका कागदावर उमटायच्या आतच संपतात, आणि मग मी कागदात बघायचं काय? हे कोणाला सांगत बसू? सांगितलं तर म्हणतील, काकांना निमित्तच हवं असतं.

इथे आल्यावर पहिले काही रविवार ती सवयीने स्वयंपाकघराच्या दारात थांबायची. "जाऊ?" मी पेपर वाचत असायचो. तिच्या त्या विचारण्याने अंगाचा तिळपापड व्हायचा. "जा ना! कोण अडवतंय?" मी खेकसायचो. ती जायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिला मुद्दाम डिवचायचं नव्हतं, हे मला कळत होतं. एवढ्या वर्षांचं पाऊल होतं ते, आपणहून थांबायचं. पण मला ते सहन होत नव्हतं, आणि मी दर वेळी तसंच खेकसत होतो.

मग गेल्या रविवारी मी खिडकीशी उभा होतो. नुसताच. ती ओल्या कपड्यांची बादली घेऊन स्वयंपाकघरातून निघाली आणि माझ्यासमोरून सरळ चालत गेली. दारात थांबली नाही. विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"थांब!" मी ओरडलो.

ती हॉलच्या मधोमध होती तशी उभी राहिली. बादलीतलं पाणी हिंदकळून तिच्या पावलावर सांडलं.

"काय झालं?" तिने विचारलं. ती माझ्या हातांकडे बघत होती. हातात काही नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं. "जा."